नवोपक्रमात डाळ-तांदूळ बसत नाहीत

दर वर्षी आमच्या शाळेत नवोपक्रम स्पर्धेचं परिपत्रक येतं. हेडमास्तर ते स्टाफरूमच्या टेबलावर ठेवतात, सगळे खाली सही करतात आणि कोणीतरी म्हणतं, "मिस, तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच लिहा काहीतरी." मी दोनदा लिहिलंही आहे. एकदा उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीतला 'ळ' कसा शिकवावा यावर. उर्दूत ळ नाही, त्यामुळे आमच्याकडे शाळेची शाला होते आणि बाळाचा बाल. काम चांगलं झालं होतं, पण अहवालात बसेना. तिथे गरज, उद्दिष्टं, नियोजन, कार्यवाही, यशस्विता असे रकाने असतात आणि शेवटी फोटो. मुलाच्या तोंडून नीट ळ निघाला याचा फोटो कसा काढणार? त्या वर्षी बक्षीस मिळालं ते क्यूआर कोडवाल्या भिंतीला.

यंदा ते परिपत्रक आलं तेव्हा माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी चार महिने घरी होती. तिला सना म्हणू या. खरं नाव वेगळं आहे, आणि जे लिहिते आहे ते तिच्या अम्मीला विचारून लिहिते आहे. आमचं गाव यंत्रमागाचं. सनाचे अब्बू लूमवर बारा तासांची पाळी करतात, अम्मी घरी कांड्या भरते, सनाही शाळेतून आली की तेच करायची. खोली एक, माणसं सात. खिडकी आहे, पण ती शेजारच्या कारखान्याच्या भिंतीवर उघडते.

सना खोकत होती. दोन महिने मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिक चाललं. मग वर्गात तिला धाप लागलेली पाहिली आणि मीच तिच्या अम्मीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे थुंकी घेतली, एका छोट्या यंत्रात घातली आणि संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. क्षयरोग आहे, आणि तोही रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा.

त्या यंत्राबद्दल आधी दोन चांगले शब्द लिहिते, कारण पुढे मी भांडणार आहे आणि कोणी म्हणू नये की या उर्दूवाल्या मिसला विज्ञानाचं वावडं आहे. यंत्राचं नाव ट्रूनॅट. गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो या कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं. त्याच्या आधी परदेशी जीनएक्सपर्ट होतं. तेही उत्तम, पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली हवी, म्हणजे आमच्यासारख्या गावांत अर्धा वेळ बंद. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ट्रूनॅट तपासून पाहिलं, सरकारी कार्यक्रमाने ते विकत घेतलं, 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. सरकारने नवसंशोधनाला हात द्यायचा म्हणजे काय, याचं हे नमुनेदार उदाहरण आहे. कंपनीने बनवायचं, सरकारी शास्त्रज्ञांनी पारखायचं आणि सरकारने मोठा गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं. "सरकारकडून काही होत नाही, सगळं खाजगी करून टाका" असं आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकायला मिळतं. त्यांनी हे यंत्र बघावं.

तर सनाला उत्तर एका दिवसात मिळालं. पुढचं ऐका.

क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देतं. निक्षय पोषण योजना, एप्रिल 2018 पासून. आधी 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. पैसे थेट खात्यात. थेट खात्यात म्हणजे खातं हवं, खात्याला आधार जोडलेलं हवं आणि तिन्हीकडे नाव एकच हवं. सनाचं नाव शाळेच्या रजिस्टरात उर्दूतून मराठीत आलं तेव्हा 'बानो' झालं, आधारवर 'बानू' आहे आणि बँकेत नुसतंच अब्बूंचं आडनाव. मी वीस वर्षं हाच धंदा करते, उर्दू नावांना देवनागरीत बसवायचा, म्हणून मला कळलं की गाडी कुठे अडली आहे. बोनाफाइड काढलं, अर्ज लिहिला, दोनदा बँकेत गेले. "मिस, वो मोबाइल में पैसे आए के नई, देखो ना," असं तिची अम्मी मला दर आठवड्याला विचारायची. चौथ्या महिन्यात आले. तोवर घरात दूध येत होतं ते उधारीवर, आणि उधारी फेडायला अम्मी रात्री जास्त कांड्या भरत होती. थुंकीचं उत्तर एका दिवसात आणि दुधाचे पैसे चार महिन्यांनी! या दोन वेगांमधली दरी हाच माझा विषय आहे.

मार्च 2018 मध्ये दिल्लीच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलं की जगाने क्षयरोग संपवायला 2030 साल ठरवलं असलं तरी भारत तो 2025 मध्येच संपवेल. संपवणं म्हणजे 2015 च्या तुलनेत नवे रुग्ण 80 टक्क्यांनी कमी करणं. तेव्हा लाखामागे 237 नवे रुग्ण होते, म्हणजे 47 च्या आसपास यायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2024 साली हा आकडा 187 होता. घट 21 टक्के. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही घट लहान नाही. जगभरात याच काळात 12 टक्क्यांच्या आसपासच झाली. हजारो आशाताई, लॅबवाले आणि डॉक्टर यांच्या मेहनतीचं ते फळ आहे. पण 80 म्हणून 21 वर आलो, तर वर्गात मी त्या मुलाला काय म्हणेन? नापास म्हणणार नाही कदाचित, पण पालकांना नक्की बोलावेन. इथे पालकांना बोलावणारं कोणी नाही. 2025 संपलं आणि तारखेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

त्याऐवजी काय झालं? नवनव्या यंत्रांचं कौतुक. डिसेंबर 2024 मध्ये 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम निघाली; हातात धरायचं एक्स-रे यंत्र, फोटो वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. मार्च 2025 मध्ये दिल्लीत खास क्षयरोगावरच्या नवोपक्रमांची परिषद भरली. ही यंत्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. हातातलं एक्स-रे यंत्र आमच्या गल्लीत आलं तर मी स्वतः पोरांना रांगेत उभं करीन. पण माझा प्रश्न साधा आहे. ज्याला प्लग असतो, बटण असतं, ज्याच्यासमोर मंत्र्यांचा फोटो निघतो, तोच नवोपक्रम का?

आता झारखंडची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा विज्ञानाच्या सरांनाही ठाऊक नव्हती.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात एक प्रयोग केला. नाव 'राशन्स'. 2800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं. सगळ्या रुग्णांना औषधांसोबत दरमहा शिधा दिला. फरक केला तो घरच्यांमध्ये. अर्ध्या भागातल्या कुटुंबांना रुग्णापुरताच शिधा, आणि उरलेल्या अर्ध्यांत घरातल्या प्रत्येक माणसालाही: महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. इतकंच. लस नाही, नवं औषध नाही. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी, आणि फुफ्फुसाचा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा प्रकार तर 48 टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्येही, ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी घटलेला दिसला.

पुन्हा वाचा. डाळ-तांदळाने आजार जवळजवळ अर्ध्यावर. एखाद्या कंपनीने असा गुण असलेली गोळी काढली असती तर तिच्या शेअरचा भाव कुठे गेला असता? मंत्रिमंडळाने उठून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि आमच्या शाळेत त्यावर निबंध स्पर्धा झाली असती.

सरकारने काय केलं? अगदीच काही केलं नाही असं नाही. रुग्णाचे 500 चे 1000 झाले ते याच निकालानंतर. फार बारीक रुग्णांना सुरुवातीचे दोन महिने जास्तीचा पौष्टिक आहार देण्याचंही जाहीर झालं. आणि घरची माणसं? ज्यांच्यामुळे हा प्रयोग जगात गाजला ती? त्यांना 'निक्षय मित्र' योजनेत घातलं. म्हणजे कोणी दानशूर माणूस, कंपनी, क्लब, आमदार पुढे आला तर त्यांना टोपली मिळेल. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालेली ही योजना आहे. रुग्ण 'दत्तक' घ्यायचा आणि त्याला पोषण आहाराची टोपली द्यायची. हे वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. यंत्रासाठी सरकारी तिजोरी आणि भाकरीसाठी झोळी! आजवरच्या सगळ्या शोधांत ज्याला एवढा सज्जड पुरावा आहे, तोच शोध तेवढा लोकांच्या मर्जीवर सोडला.

आमच्या भागातही टोपल्यांचा कार्यक्रम झाला. कोणी केला ते लिहीत नाही. बोलावलं होतं म्हणून सनाची अम्मी गेली नाही. कारण तिथे फोटो निघणार होता, आणि फोटो व्हॉट्सअॅपवर जाणार होता, आणि सनाच्या मोठ्या बहिणीचं रिश्त्याचं बोलणं चालू होतं. टोपलीत शेंगदाणे, गूळ, डाळ, प्रोटीन पावडरचा डबा होता. त्या डब्याची किंमत बहिणीचा रिश्ता होती. तिने हिशेब केला आणि घरी बसली. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या आजाराचा फोटो गावभर फिरवून पाहावा.

काही जण म्हणतील, अन्न हा काय नवोपक्रम झाला? भूक आणि क्षय यांचं नातं आजीलाही ठाऊक होतं. हो, आजीला ठाऊक होतं, पण सरकारला मान्य नव्हतं, आणि ते का मान्य नव्हतं याची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोगावरच्या औषधांचं एक संशोधन केंद्र निघालं. त्या काळी क्षय झाला की माणसाला सॅनेटोरियममध्ये ठेवत. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती, अंडी, दूध. देशाकडे तेवढ्या खाटा कधीच नव्हत्या. मद्रासच्या शास्त्रज्ञांनी विचारलं, नवी औषधं आली आहेत, तर गरीब माणसाला त्याच्या कोंदट घरातच ठेवून ती दिली तर? अर्धे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, अर्धे घरी. 1959 मध्ये निकाल आले. घरी राहणारे जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. साऱ्या जगाने सॅनेटोरियम बंद करायला सुरुवात केली ती या अभ्यासानंतर. यंत्र एकही नव्हतं. होती ती एक धाडसी शंका आणि ती तपासायला लागणारी चिकाटी. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या आरोग्य धोरणातला हा सर्वांत मोठा नवोपक्रम आहे.

पण त्याच अभ्यासातून एक वाक्य धोरणकर्त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. घरचे रुग्ण निकृष्ट खात होते, तरी औषधाने बरे झाले, म्हणजे आहार दुय्यम. बरं होण्यापुरतं ते खरं होतं. आजार होण्याचं काय, पुन्हा होण्याचं काय, घरच्यांचं काय, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलाच नव्हता. तरी साठ वर्षं कार्यक्रम गोळ्यांचाच राहिला. आणि गंमत पाहा, मद्रासचं ते केंद्र पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झालं, आणि झारखंडच्या शिध्याच्या प्रयोगात हीच चेन्नईची संस्था सामील होती. म्हणजे संस्थेने आपलंच जुनं वाक्य पुढे नेऊन पुरं केलं. विज्ञान असं चालतं. दिल्लीतल्या फाइलीने मात्र जुनं वाक्य पाठ केलं आणि नव्या वाक्याखाली 'देणगीदारांकडे वर्ग' असा शेरा मारला.

औषधांचीही बाजू सांगायला हवी, कारण सनाला वाचवलं ते औषधांनीच. बेडाक्विलिन नावाचं औषध अमेरिकेत डिसेंबर 2012 मध्ये मंजूर झालं. दाद न देणाऱ्या क्षयावर कित्येक दशकांनी आलेलं पहिलं नवं औषध. भारतात ते 2016 मध्ये आलं, तेही देशभरात सहाच केंद्रांवर. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला दिल्लीच्या रुग्णालयाने ते नाकारलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी 2017 मध्ये औषध मिळालं, पण फार उशीर झाला होता. पुढच्या वर्षी ती गेली. शोध जगात लागलेला असतो आणि मुलगी रहिवासी दाखल्यावर मरते.

पुढे कंपनीने या औषधाचं पेटंट लांबवायचा प्रयत्न केला. तो हाणून पाडणाऱ्या दोघींपैकी एक आपल्या मुंबईची, नंदिता वेंकटेशन, आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही क्षय झाला होता, दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने गेली होती. मार्च 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे स्वस्त औषध बनवायचा रस्ता मोकळा झाला. आज सहा महिन्यांची, फक्त गोळ्यांची नवी औषधयोजना आली आहे, सनाला तीच मिळाली, आणि तिचे कान शाबूत आहेत. आरोग्य मंत्रालयाने तिला सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता दिली. या दोन मुलींनी केलं तो नवोपक्रम कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि हेही नोंदवा की बेडाक्विलिन घडवताना सार्वजनिक पैसा कंपनीच्या पैशापेक्षा जास्त लागला होता असा अभ्यासकांचा हिशेब आहे. मारियाना माझुकातो नावाच्या अर्थतज्ज्ञ बाई जगभर हेच सांगत फिरतात, की जोखीम जनतेची आणि नफा कंपनीचा, ही वाटणी थांबवा. युरोपने त्यांचं ऐकून कर्करोग, हवामान असे पाच 'मिशन' आखले. आपल्याकडे मिशन हा शब्द आला, वाटणीचा मुद्दा वाटेत गळला.

शब्दांवरून आठवलं. 1977 मध्ये रिचर्ड नेल्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक पुस्तक लिहिलं, 'द मून अँड द घेटो'. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला आपल्याच शहरातल्या गरीब वस्तीचे प्रश्न का सुटत नाहीत, हा त्याचा प्रश्न. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा, 23 ऑगस्ट 2023 ला, आमच्या शाळेत आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. मुली नाचल्या, मीही रडले. खोटं कशाला बोलू. पण चंद्रावर कोणी भाडेकरू नसतो, कोणाची मजुरी बुडत नाही, कोणाचं नाव बानो की बानू हा प्रश्न येत नाही. तिथे इंजिनिअर पुरतात. सनाच्या खोलीत इंजिनिअर पुरत नाही. तिथे बिल्डर, लूममालक, रेशन दुकानदार, बँकेचा क्लार्क, आणि मोहल्ल्यातल्या बायकांच्या जिभा, एवढं सगळं उभं असतं.

बिल्डर उगाच नाही म्हटलं. गोवंडीत झोपड्यांतल्या माणसांना ज्या पुनर्वसनाच्या इमारतींत नेलं त्यांचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केला आहे. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. दोन इमारतींमध्ये तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि तिथेच क्षयाचे रुग्ण जास्त. या इमारती सरकारी धोरणातून उभ्या राहिल्या, नियम शिथिल करून. एका खात्याने रोगाला घर बांधून द्यायचं आणि दुसऱ्या खात्याने तो शोधायला यंत्र विकत घ्यायचं! खिडकी हा तर जगातला सर्वांत जुना नवोपक्रम.

आणि यंत्राने शोधल्यावर गोळी तरी हजर हवी की नको? मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की नेहमीच्या औषधांचा पुरवठा लांबू शकतो, तीन महिन्यांपुरतं तुम्हीच स्थानिक पातळीवर विकत घ्या. जगातले साधारण पाव रुग्ण ज्या देशात, जो देश अर्ध्या जगाला औषधं पुरवतो, तिथे रुग्णाला "पुढच्या आठवड्यात या" असं सांगायची वेळ आली. गोळ्या खंडित झाल्या की जंतू औषधाला सरावतो आणि मग सनासारखी केस तयार होते. गोदामाचा हिशेब वेळेवर ठेवणं याला परिषद भरत नाही.

आता आपल्या लोकांकडे वळते, कारण सरकारला बोलून मोकळं होणं सोपं आहे आणि या ब्लॉगवर ते मी एकटी करत नाही.

आपण आजार लपवतो. "सीने में दाग है" एवढंच कुजबुजतो, टीबी हा शब्द ओठावर आणत नाही. मुलीला असेल तर दुप्पट लपवतो. सनाच्या शेजारच्या खालाने अम्मीला तावीज आणून दिला आणि त्यासोबत सल्लाही, की गोळ्या गरम पडतात, मधे मधे सोड. रमजानात तर दर वर्षी कोणीतरी रुग्ण सकाळच्या गोळ्या सोडून रोजा धरतो आणि घरचे कौतुक करतात. आजाऱ्याला रोजाची सूट कुरआननेच दिली आहे, हे मिंबरवरून सांगायला जुम्म्याच्या बयानातली दोन मिनिटं पुरतात. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी मागच्या वर्षी चिठ्ठी पाठवली. त्यांनी सांगितलं, आणि नीट सांगितलं. त्या आठवड्यात दोन माणसं स्वतःहून तपासायला गेली. हाही नवोपक्रमच, खर्च शून्य, फोटो नाही.

आणि जकात. रमजानात प्रत्येक मोहल्ल्यात राशन किट वाटतात. तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेलं औषध आपण दर वर्षी एक महिना वाटतो आणि अकरा महिने बंद ठेवतो. ज्या घरात टीबी आहे त्या घराला किट वर्षभर, रात्री, नाव न पुकारता का जाऊ नये? आमच्या बायकांच्या गटाने पाच घरांपुरतं सुरू केलं आहे. पण मला भीती वाटते ती हीच. उद्या कोणी साहेब येईल, आमचा सत्कार करील, आम्हाला निक्षय मित्राचं प्रमाणपत्र देईल, आणि पाच घरं झाली म्हणून पाचशे घरांचा प्रश्न फाइलीतून काढून टाकील. जकात ही आमची जबाबदारी आहे, तिच्यावर सरकारी धोरण टेकवू नका. सनाच्या अब्बूंनी विकत घेतलेल्या प्रत्येक साबणावर जीएसटी भरलेला असतो. तो दान मागत नाही.

मागणी अगदी छोटी आहे. रेशन दुकान आहे, अंगठ्याचं यंत्र आहे, कुटुंबाची नोंद आहे, धान्य तर आजही माणशी पाच किलो मोफत मिळतं. ज्या घरात क्षयाचा रुग्ण नोंदला गेला त्या घराच्या कार्डावर, तो बरा होईपर्यंत आणि त्यानंतर काही महिने, माणशी दीड किलो डाळ वाढवा. तेल आणि दुधाची पावडर जमली तर उत्तम. 2024 मध्ये देशात सुमारे 26 लाख रुग्णांची नोंद झाली. तेवढीच घरं शोधायची आहेत, आणि ती शोधलेलीच आहेत, निक्षय पोर्टलवर नावानिशी आहेत. दोन खात्यांच्या याद्या जोडायला कुठली कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. फोटो लागत नाही, टोपली लागत नाही, रिश्ता मोडत नाही. दुकानदाराला कारणही कळायची गरज नाही.

मी यंदा नवोपक्रम स्पर्धेत हेच लिहून पाठवलं. गरज, उद्दिष्टं, नियोजन सगळं रीतसर. केंद्रावरून फोन आला, "मॅडम, हे शैक्षणिक नाही." मी म्हणाले, "चार महिने मुलगी वर्गात नव्हती, याहून शैक्षणिक काय असतं?" समोरचे गृहस्थ भले होते. हसले, म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण कुठल्या गटात टाकू?"

सना परत येते आहे वर्गात. वजन सदतीस किलो झालं. तिच्या धाकट्या भावाचं वजन मी मागच्या आठवड्यात शाळेच्या काट्यावर केलं. अकरा वर्षांचा आहे, बावीस किलो भरला. तपासणी झाली, काही निघालं नाही, खोकला नाही. त्याला काही मिळू शकेल का म्हणून दवाखान्यात विचारलं, तर ताईंनी रजिस्टर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, याला अजून आजार नाही ना, मिस, मग कोणी निक्षय मित्र मिळतोय का बघा.